न घेतलेल्या कर्जाचे चार हप्ते

बाजारामागच्या गल्लीत त्याला सगळे बत्तीशीवाला म्हणत. कवळ्या करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? दातांच्या दवाखान्यामागे एक खोली, तिच्यात प्लॅस्टर कालवायची घमेली, मेण वितळवायचा दिवा, कवळी घासायचं गरगरतं यंत्र, आणि फळीवर ओळीने मांडलेले ओळखीपाळखीच्या माणसांचे प्लॅस्टरचे जबडे. बावीस वर्षं तो तिथे बसून दुसऱ्यांना पुन्हा हसता येईल असं करत होता. त्याची स्वतःची एक दाढ केव्हाच गेली होती. ती बसवायला त्याला सवड मिळाली नव्हती.

खोली दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंची. बाई आता थकल्या होत्या, सगळं विकून लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. पुढचा दवाखाना एका मोबाइलच्या दुकानदाराने घेतला. मागच्या खोलीलाही तो चांगला भाव देत होता, पण बाई बत्तीशीवाल्याला म्हणाल्या, "आधी तुम्हाला विचारते. त्याच्यापेक्षा कमीत देईन, पण वर्षभरात उरका. त्याहून जास्त मला थांबता यायचं नाही."

बत्तीशीवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. खोली आपली झाली की मरेपर्यंत कुणाच्या हाताखाली जायला नको. नाही झाली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला कवळ्यांची एक मोठी प्रयोगशाळा होतीच. तिथे चाळीस माणसं रांगेने बसून दिवसभर दात लावतात. एकाने वरचे लावायचे, दुसऱ्याने खालचे, आणि ती कवळी कुणाच्या तोंडात जाणार हे दोघांनाही ठाऊक नसतं. पंचावन्नाव्या वर्षी तिथल्या स्टुलावर जाऊन बसायची त्याची तयारी नव्हती.

बँकेतल्या माणसाने त्याला बसवलं, चहा सांगितला, संगणकात नाव घातलं, आणि चहा यायच्या आधीच त्याचा चेहरा बदलला.

"तुमचं एक कर्ज थकलंय. फायनान्स कंपनीचं. दोन वर्षं झाली."

"माझं? अहो, मी जन्मात कधी कर्ज घेतलं नाही. पहिल्यांदाच मागायला आलोय, तेही तुमच्याकडे."

"इथे तसं दिसतंय."

"मग चुकीचं दिसतंय."

"असेलही. पण मला जे दिसतं त्यावरच चालावं लागतं, साहेब. आधी ती नोंद काढून आणा."

नोंद काढून आणा! जणू शर्टावरचा डागच. अर्ज केला. सगळ्यांच्या कर्जाचा हिशोब ठेवणाऱ्या ज्या संस्थेच्या अहवालात ही नोंद होती तिने फायनान्स कंपनीला विचारलं, हे बरोबर आहे का? कंपनीने कळवलं, अगदी बरोबर आहे. झाली चौकशी! पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर, अल्पविरामसुद्धा न बदलता. तिसऱ्यांदा तो स्वतः कंपनीच्या कचेरीत गेला, दातांच्या कण्या केल्या, तर काचेपलीकडची मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, तुम्ही भरून टाका ना, म्हणजे लगेच मिटेल." खोटं कर्ज खरे पैसे देऊन मिटवायचं, हा सल्ला त्याला पुढच्या सहा महिन्यांत किमान दहा जणांनी दिला.

वकिलाची फी ऐकून तो जिन्यावरूनच परत फिरला. खोलीसाठी जमवलेल्या पैशांतला चौथा हिस्सा त्यातच गेला असता. तेव्हा त्याने ठरवलं, दावा आपणच लावायचा.

"तुम्हाला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही," बायको म्हणाली. "कोर्टात काय बोलणार?"

"खरं ते बोलणार."

"तेवढंच तर येतं तुम्हाला," ती म्हणाली. ते कौतुक होतं की काळजी, हे त्याने विचारलं नाही.

कोर्टातल्या खिडकीच्या कारकुनाने कागद तीनदा परत केले. एकदा पानांना आकडे नव्हते, एकदा प्रती कमी होत्या, एकदा डावीकडे समास सोडलेला नव्हता. बत्तीशीवाला मुकाट्याने सुधारून आणत राहिला. कवळी हिरडीला टोचते म्हणून पाच-पाचदा घासून देणाऱ्या माणसाला याचं काय वाटणार? चौथ्यांदा कारकुनाने शिक्का मारला आणि वर पाहत म्हणाला, "वकिलांचे कागदपण इतके नीट नसतात हो." त्या दिवशी बत्तीशीवाला घरी आला तो जिंकल्याच्या थाटातच.

आणि दावा खरोखरच भक्कम होता. कंपनीच्या कागदावरचा फोन नंबर त्याचा नव्हता. जन्मतारखेचा महिना त्याचा नव्हता. सही तर कुठेच नव्हती. सगळं फोनवर झालेलं. त्याच्याच नावाचा कुणी दुसरा माणूस पैसे घेऊन पसार झाला होता, आणि कंपनीने नाव जुळतंय म्हणून ते कर्ज याच्या गळ्यात अडकवलं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. न्यायाधीशबाईंनाही कळलं. दुसऱ्या तारखेला त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, "या माणसाने हे कर्ज घेतलं, याला तुमच्याकडे पुरावा काय?"

कंपनीचा वकील तरणाबांड, शिष्टाचाराचा. बत्तीशीवाल्याला तो काका म्हणायचा. त्याने पुढची तारीख मागून घेतली, आणि त्या तारखेला चार कागद पुढे ठेवले. चार हप्त्यांच्या चार पावत्या. गेल्या वर्षी लागोपाठ चार महिने रोखीने भरलेल्या. पत्ता बत्तीशीवाल्याच्या घरचा आणि खाली त्याच्या नावाची सही.

"कर्ज यांचं नव्हतं," वकील हळूच म्हणाला, "तर हप्ते कुणी भरले?"

बत्तीशीवाल्याने पावत्या हातात घेतल्या. सही त्याची नव्हती. अक्षर गोल, टपोरं, प्रत्येक वेलांटी पूर्ण केलेली. त्या अक्षराने त्याच्या शाळेच्या पुस्तकांवर नावं घातली होती.

"ही सही माझ्या वडिलांची आहे," तो म्हणाला. "मला यातलं काही माहीत नव्हतं."

"मग वडिलांना साक्षीला आणा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंच्या वर्षातले तेव्हा नऊ दिवस उरले होते. पुढची तारीख सातव्या दिवसाची मिळाली.

अण्णा ब्याऐंशी वर्षांचे. सरकारी दप्तरखान्यात त्यांनी सदतीस वर्षं काढली होती. कुणाची जमीन, कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू, सगळं त्यांच्या कपाटात. माणसं रडत यायची, भांडत यायची, आणि अण्णा शांतपणे वही उघडून दाखवायचे की पाहा, असं लिहिलंय. त्यापुढे बोलणं संपायचं. स्वतःच्या घरात त्यांनी कधी एक पैसा उधार ठेवला नाही. दुकानदाराने हिशोब करायच्या आत यांचे पैसे तयार.

संध्याकाळी अण्णा खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. बत्तीशीवाल्याने पावत्यांच्या प्रती त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

"अण्णा, हे तुम्ही भरलेत?"

अण्णांनी नुसती मान हलवली. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसेना.

"दुपारचे यायचे ते लोक. तू कामावर, सूनबाई बाहेर. दारात उभं राहून मोठ्याने बोलायचे, शेजारी ऐकायचे. मी म्हटलं, बाबांनो, आत या, बसा, कागद दाखवा. त्यांनी दाखवला. तुझं नाव, आपला पत्ता, आकडा. मग पेन्शनीतून दिले थोडेथोडे, कर्ज तुझं म्हणून पावतीवर नाव तुझंच घातलं. चार महिने दिले, मग माझ्या औषधांचं वाढलं तसं जमेना."

"पण मला विचारायचंत तरी!"

"काय विचारायचं? आधीच ओशाळून तू सांगत नव्हतास. बापाने आणखी उघडं पाडायचं का?"

"अण्णा, मी ते कर्ज घेतलेलंच नाही."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी वही हरवली असं खोटं सांगितल्यावर पाहायचे तसं.

"सूनबाईचं ऑपरेशन झालं त्याच महिन्यातलं आहे ते," ते म्हणाले. "तेव्हा तू म्हणालास, साठवलेले होते. तुझ्याकडे काय साठलेलं असतं ते मला माहीत नाही होय?"

ऑपरेशनचे पैसे मेहुण्याने दिले होते. मेहुणा आणि अण्णा यांच्यात जुना अबोला, म्हणून बत्तीशीवाल्याने अण्णांना थाप मारली होती. सबंध आयुष्यात मारलेल्या दोन-तीन थापांपैकी एक. तो आता ते सगळं सांगत सुटला. बायकोही आतून येऊन म्हणाली, "खरंय अण्णा, माझ्या भावानेच दिले."

"त्याने?" अण्णा म्हणाले. "तो माणूस कुणी वेळ विचारली तर घड्याळ झाकून घेतो." आणि सुनेकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू नवऱ्याची बाजू घेतेस ते बरोबरच आहे, बाई."

बायकोने त्याच वेळी भावाला फोन लावला. पण अबोला म्हणजे अबोला. अण्णांनी फोन कानाला लावायला नकार दिला. पुढे सहा दिवस बत्तीशीवाल्याने त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. नंबर दाखवला, जन्मतारीख दाखवली. अण्णा ऐकायचे, हं हं म्हणायचे. शेवटी म्हणाले, "कोर्टात यायचंय ना? येतो. तू सांगितलं नव्हतंस, माझं मी भरलं, एवढं सांगायचं. सांगतो. खरंच आहे ते."

तेवढं पुरे होतं. तेवढंच विचारायचं, असं बत्तीशीवाल्याने कागदावर लिहून नेलं होतं. दोन प्रश्न, फक्त दोन.

अण्णांना पिंजऱ्यात चढायला शिपायाने हात दिला. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बत्तीशीवाला स्वतःचाच वकील, तेव्हा प्रश्न त्यानेच विचारायचे. बापाची उलटतपासणी घेतल्यासारखं त्याला वाटत होतं.

"हे हप्ते तुम्ही भरलेत, ते मी सांगितलं म्हणून का?"

"नाही. माझे मी भरले."

"मला ते माहीत होतं का?"

"नाही. मी कळू दिलं नाही."

न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. वर पाहताना त्यांचा चेहरा निवळलेला दिसला. कंपनीचा वकील पेनाशी चाळा करत होता. काम झालं होतं. बत्तीशीवाल्याने फक्त खाली बसायचं होतं.

पण तो बसला नाही. समोर बाप उभा होता, शपथ घेतलेला, जन्मात खोटं न बोललेला. आणि गेले सहा दिवस मनात असलेला एक प्रश्न विचारल्याशिवाय त्याला राहवेना. कायद्याचं भान त्या क्षणी त्याला राहिलंच नाही. त्याला फक्त ऐकायचं होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "आता तरी तुम्हाला पटलंय ना, की ते कर्ज मी घेतलं नव्हतं?"

अण्णांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. मुलाकडे पाहिलं, मग न्यायाधीशबाईंकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बाईसाहेब, शपथ घातलीय तुम्ही," ते म्हणाले. "मुलगा माझा गुणाचा आहे. बायकोसाठी घेतलं त्याने, वाईट कामाला नाही घेतलं. त्या महिन्यात त्याच्याजवळ पैसा नव्हता, हे मला ठाऊक आहे. आणि कागदावर नाव आहे. उगाच कुणी कशाला लिहील?"

न्यायाधीशबाईंनी कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं. तो अर्धवट उठून म्हणाला, "आमचा एकही प्रश्न नाही." आणि त्याने बत्तीशीवाल्याकडे बघायचं टाळलं.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच झाला. सख्ख्या वडिलांच्याच म्हणण्याप्रमाणे कर्ज वादीचं दिसतं, सबब नोंद काढण्याचा आदेश देता येत नाही, दावा फेटाळला. वरच्या कोर्टात जाता येईल, असंही बाई म्हणाल्या. जाता येईल. वर्षं लागतील, आणि त्याच्याकडे दोन दिवस होते.

व्हरांड्यात येऊन त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. निकाल सांगितला. त्या म्हणाल्या, "मी थांबले हो, जमेल तितकं थांबले." सामान हलवायला त्यांनी आठवडा दिला. जबडे न्यायचे की टाकायचे, असं त्यांनी विचारलं. टाका, म्हणाला तो.

अण्णा बाकावर बसून होते. त्याने त्यांना हात देऊन उठवलं. जिना उंच होता. एकेक पायरी उतरायची, थांबायचं, दम घ्यायचा. अर्ध्या जिन्यावर अण्णा थांबले ते थांबलेच.

"रागावलास?"

"नाही."

"खोटं कसं बोलणार होतो मी? तूच सांग." त्यांनी त्याचं मनगट धरलं. "एवढी कोर्टकचेरी कशाला केलीस? तेव्हाच मला येऊन सांगितलं असतंस, अण्णा, अडचण होती, घेतले, तर काय मारणार होतो का तुला? सगळं फेडून टाकलं असतं मी. बापाजवळ कबूल व्हायला कसली लाज?"

वर्षभर तो सांगत आला होता. बँकेत, काचेपलीकडच्या मुलीला, खिडकीतल्या कारकुनाला, न्यायाधीशबाईंना. माझं नाही, माझं नाही, माझं नाही. आता सांगायला कुणी उरलं नव्हतं. ब्याऐंशी वर्षांचा हा माणूस उत्तराची वाट पाहत होता, आणि ते मिळाल्याशिवाय पुढची पायरी उतरणार नव्हता.

"चुकलं माझं, अण्णा," बत्तीशीवाला म्हणाला. "मीच घेतलं होतं."

अण्णांचा चेहरा सैल पडला. इतका शांत तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

"होतं असं," ते म्हणाले, आणि त्याच्या हातावर थोपटून त्यांनी पुढची पायरी उतरायला पाय टाकला.