बंधाऱ्याचा दट्ट्या देव होतो

मित्रांनो, लांज्याच्या बाजारवाटेवर आमचं लहानसं गाव आहे. तिथल्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, दगडी बंधारा आहे, बंधाऱ्याच्या पायथ्याशी मोरी आहे, आणि त्या मोरीत बाहेरून ठोकून बसवलेला, लोखंडी कडीचा जो जाडजूड लाकडी दट्ट्या दिसतो ना, तोच मी. आता माझं वय झालं. पाहुणे येतात, काठावर उभे राहतात, "वा, काय पाणी अडवलंय!" म्हणतात आणि निघून जातात. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. बंधाऱ्याचं काय, तो नुसता दगडांचा ढीग आहे. पाणी अडवतो मी!

माझा जन्म एकोणीसशे बावीसच्या सुमाराचा. गावातले मोठे बागायतदार आप्पा, त्यांच्या पोफळीच्या बागेतला एक फणस वादळात पडला. त्याच्या गाभ्यातून धाकू सुतारानं मला कोरलं. गवंड्यानं मोरीचं तोंड असं काही करून ठेवलं होतं की त्याला गोलही म्हणता येईना आणि चौकोनीही म्हणता येईना. धाकू मला तासायचा, मोरीत बसवून बघायचा, गवंड्याच्या नावानं बोटं मोडायचा आणि पुन्हा तासायचा. शेवटी मी असा चपखल बसलो की पाण्याचा टिपूस बाहेर येईना. धाकूनं माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून आपण कोणीतरी आहोत अशी माझी समजूत झाली, ती आजतागायत कायम आहे.

माझं काम ऐका. दिवाळीनंतर पऱ्याची धार बारीक होते. तशीच वाहू दिली तर पाटातला जांभा दगड निम्म्या वाटेतच ती पिऊन टाकतो. म्हणून रात्रभर मी पाणी अडवून धरायचं आणि सकाळी मला उपसलं की लोंढा पाटातून धावत शेवटच्या कुणग्यापर्यंत, म्हणजे भाताच्या लहानशा खाचरापर्यंत, पोचायचा. पाळ्या ठरलेल्या होत्या. पहिलं पाणी आप्पांच्या बागेला, मग वाडीतल्या वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला. सगळ्यात शेवटचा कुणगा हौसाचा.

हौसा एकटी बाई. नवरा कधीच वारलेला आणि मुंबईला गिरणीत गेलेला मुलगा पत्रापुरताच उरलेला. त्या एका कुणग्यावर तिचं वर्ष निघायचं. पण तिची पाळी आली की कोणीतरी मध्येच पाट फोडायचं, आणि हौसा बोलायला लागली की लोकांना अचानक कामं आठवायची. मला तिचं वाईट वाटायचं, पण लाकडाला तोंड कुठलं?

मला उपसायचं आणि ठोकायचं काम भागोजीकडे होतं. पाऊस जवळ आला की मला काढून घरच्या माळ्यावर ठेवणं हेही त्याचंच काम. एका वर्षी त्याला मेहुणीच्या लग्नाची घाई झाली. त्यानं मला काढलं, बंधाऱ्यावर ठेवलं, "आल्यावर नेतो" म्हणाला आणि टोपी सारखी करत निघून गेला. लग्नघरचे फणस संपेपर्यंत तो काही परतला नाही. इकडे पाऊस आला, पऱ्या फुगला आणि मी निघालो! कधी डोकं वर, कधी कडी वर. अशा गटांगळ्या खात मी थेट हौसाच्या कुणग्याच्या बांधाला जाऊन अडकलो.

श्रावणात तिला मी चिखलात सापडलो. निमुळतं तोंड वर, कडीचं बूड खाली रुतलेलं, अंगावर शेवाळ. हौसानं हात जोडले. "बाय माझे! द्येव व्हावत आला!" ती ओरडली.

वाडी धावली. रावजी गुरवानं मला निरखून पाहिलं आणि मी स्वयंभू असल्याचं जाहीर करून टाकलं. वाहत आलेला म्हणून माझं नाव वाहतोबा. किंजळीच्या झाडाखाली मला जमिनीत पुरून बसवलं, तेही उलटं! कडी मातीत गेली आणि तोंडावर शेंदूर आला. मित्रांनो, शेंदूर लाकडाला किती खाजतो हे देवांना विचारा. रोज तेल, रोज फुलं, कधी नारळ. एकदा तर कोंबडा घेऊन एक जण आला. कोंबडा सुटला आणि माझ्याच डोक्यावर चढून आरवला. कामाशिवाय मिळालेला तो मान मला अगदी नकोसा झाला होता.

हौसाचे दिवस मात्र पालटले. देव तिला सापडला, म्हणून पूजेचा पहिला मान तिचा. जे लोक तिला बघून वाट बदलायचे, ते आता "हौसाकाकी, देवाला आमचं जरा सांगा" म्हणत तिच्या ओट्यावर बसायचे. ती नीट केस बांधू लागली आणि खणखणीत आवाजात बोलू लागली. तिच्यासाठी मी शेंदूर सोसला.

दिवाळी झाली आणि बंधाऱ्याची आठवण निघाली. भागोजी माळ्यावर चढला आणि तोंड पाडून खाली उतरला. "खालच्या वाडीवाल्यांनी चोरलानी दट्ट्या!" असं त्यानं ठोकून दिलं. दोन्ही वाड्यांची तोंडं एकमेकांकडून फिरली. धाकूनं नवे दट्टे केले, पण त्या गवंड्याच्या मोरीत एकही बसेना. काथ्या गुंडाळला, चिंध्या कोंबल्या, शेण लिंपलं. एक दट्ट्या तर पाण्याच्या जोरानं सुटला आणि थेट आप्पांच्या पंच्याला लागून त्यांना पाटात बसवून गेला.

रात्रीचं पाणी रात्रीच वाहून जाऊ लागलं. सकाळी पाटात उरायची ती करंगळीएवढी धार. ती आप्पांच्या बागेच्या पुढे सरकत नव्हती. हौसानं वायंगण लावलं होतं. त्याची पाती पिवळी पडू लागली, जमिनीला भेगा गेल्या.

शेवटी सगळं गाव माझ्याकडेच आलं! रावजीनं गाऱ्हाणं घातलं, "बा वाहतोबा म्हाराजा, आमचा दट्ट्या ज्या कोनी नेला आसंल त्येची बुद्धी फिरव, आनि आमचा दट्ट्या आमाला गावू दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

मी समोर उभा होतो, मित्रांनो! अरे, हा काय मी! पण सांगणार कसा? रावजीनं कौल लावला. माझ्या डोक्याच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तेलाशेंदरानं मी इतका चिकट झालो होतो की एकही पाकळी हलेना. सगळ्यांच्या माना अवघडल्या. मग ऊन चढलं, शेंदूर पाघळला आणि दोन्ही पाकळ्या एकदम माझ्या पायाशी पडल्या.

रावजीनं डोकं खाजवलं. "द्येव म्हनतो, दट्ट्या माज्या पायाशी हाय!"

इतका अचूक कौल कोकणात कधी लागला नसेल. पण त्यांनी केलं काय, तर मला मातीसकट उपटून हौसाच्या हातात दिलं आणि मी जिथे होतो तिथे खणायला लागले! सगळी डोकी खड्ड्यात. हौसानं मला पदरानं पुसलं, उलटं केलं आणि तिचा हात कडीवर पडला.

तिनं कडीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, मग खाली पसरलेल्या आपल्या पिवळ्या कुणग्याकडे. हळूच तिनं पदर कडीवर ओढला. मला तिचा राग आला नाही. मी देव नसलो तर ती पुन्हा कोणीच नव्हती.

खड्ड्यात काही मिळालं नाही. मला परत उलटं पुरलं गेलं आणि माणसं घरी गेली. हौसा मात्र माझ्यासमोर बसून राहिली. "द्येवा," ती हळू आवाजात म्हणाली, "तू गेलास तर माझ्या ओट्यावर कोन येनार? आनि तू ऱ्हायलास तर मी खानार काय?" तिनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला स्वतःच्या हातांनी उपटलं, कमरेवर घेतलं आणि ती बंधाऱ्याकडे चालू लागली. "हौसा, द्येवाला कुठं न्हेतेस गो?" करत रावजी मागे, रावजीच्या मागे अख्खं गाव. मोरीपाशी पोचल्यावर तिनं मला सुलटं करून कडी सगळ्यांना दाखवली. भागोजी एकदम आभाळाकडे बघू लागला.

"अहो, पण याची प्रतिष्ठा झालीय," आप्पा घाबरून म्हणाले. "देवाला मोरीत कसं कोंबायचं?"

"द्येवाचा काम काय, आप्पा? लेकरांचा पानी राकनं. त्येवडाच त्याला करू द्या," हौसा म्हणाली.

आप्पा मोरीपासून बाजूला झाले. पण ठोकणार कोण? धाकूनं मोगरी मागे लपवली. "माझ्या हातून द्येवाच्या पाठीत घाव न्हाय पडनार," तो म्हणाला. भागोजी तर आप्पांच्या मागे जाऊन उभा राहिला. तेव्हा हौसानं मोगरी ओढून घेतली, "माफ कर रं बाबा" म्हणाली आणि जो दणका दिला, तसा सुखाचा दणका मला जन्मात मिळाला नव्हता. मी माझ्या जागी बसलो. टिपूस थांबला. आत पाणी चढू लागलं तसं सगळं गाव काठावरून वाकून बघू लागलं.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडायची वेळ झाली. भागोजी कडीला हात लावेना. रावजी लावेना. देवाला कडी धरून ओढायचं म्हणजे काय खेळ आहे? शेवटी आप्पा स्वतः पंचा सावरत हौसाच्या ओट्यावर गेले. "हौसाबाई, जरा येऊन देवाला उठवता का? आणि आज पाणी आधी कोणाला सोडायचं तेही तुम्हीच सांगा."

हौसा आली. तिनं पाट नजरेखालून घातला आणि ती म्हणाली, "ज्येची जमीन जास्ती तडकली त्येला आधी." त्या दिवशी पहिलं पाणी शेवटच्या कुणग्यात गेलं आणि वाटेत कोणी पाट फोडला नाही. त्यानंतर पाळ्या हौसाच लावू लागली.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखा एखादा दट्ट्या, फळी नाहीतर पन्हळ असेल. त्याला पावसात टाकून लग्नाला जाऊ नका. आणि फार मोठा देवही करू नका, उगाच खाज सुटते. मला देव म्हणा, नाहीतर लाकूड म्हणा, पण दिवाळी झाली की आठवणीनं मोरीत बसवा, आणि मग दोन दणके जास्त घाला.