नोंद नसलेले श्रोते

“बिभीषणराव, या कॅसेटी आजवर किती जणांनी मागितल्या?” ग्रंथपाल सोनिया मॅडमनी विचारलं.

बिभीषणनं मागणी रजिस्टर उघडलं. खरं तर उघडायची गरज नव्हती. अठरा वर्षं ते तोच लिहीत होता. “एकानंबी नाय, मॅडम.”

“म्हणजे शून्य,” म्हणत मॅडमनी आकडा लॅपटॉपवर टाकला.

ग्रंथालय समितीची बैठक चालू होती. साल दोन हजार चार, सलग दुसरा दुष्काळ. गावाकडचं माणूस रोज शहरात येऊन पडत होतं आणि शहरातल्या नळाला चौथ्या दिवशी पाणी होतं. अशात जुनं साहित्य संगणकावर चढवायला मंजुरी आली, तीही तीनच कामांपुरती. आधी काय वाचवायचं ते वाचकांच्या मागणीवरून ठरवायचं, ही मॅडमची पद्धत. पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. जुने नकाशे पास झाले, कारण शेंद्र्याकडे जमिनी घेणारे ते रोज मागत. शहराच्या दरवाजांचे फोटो पास झाले, निजामाच्या काळातली वर्तमानपत्रं पास झाली. उरल्या चौसष्ट कॅसेटी. शहाऐंशीच्या दुष्काळात पाण्यामागं फिरत शहराबाहेर उतरलेल्या मेंढपाळांची गाणी तेव्हाच्या एका हौशी ग्रंथपालांनी त्यांत भरून घेतली होती.

“त्या खोलीत स्कॅनर बसवायचाय. कॅसेटी निर्लेखनात घाला,” अध्यक्ष बद्रीनाथराव म्हणाले. निर्लेखन म्हणजे यादीतून नाव खोडायचं आणि माल मोजून भंगारात द्यायचा.

“साहेब, लोक येतेत ऐकायला.”

“मग नोंद कुठंय?”

बिभीषणनं रजिस्टर मिटलं. नोंद त्यानंच केली नव्हती. पिशोर, करमाडकडून म्हातारी माणसं यायची, आपल्या मेलेल्या माणसाचा आवाज ऐकायला. पहिल्याच वर्षी एक म्हातारा अंगठा द्यायचा म्हटल्यावर सगळ्यांसमोर ओशाळला आणि न ऐकताच माघारी गेला. बिभीषण स्वतः मेंढपाळाच्या घरचा, त्याला ती लाज ठाऊक होती. तेव्हापासून तो अशा माणसांना मागच्या दारानं आत घेई, चहा पाजी, कॅसेट लावी. दोनशेक तरी माणसं ऐकून गेली असतील. आपण माणुसकी केली असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि त्या माणुसकीनंच आज घात केला. मागच्या तारखा घालून नोंदी भरायला एक दुपार पुरली असती. पण खोटं रजिस्टर लिहायला त्याचा हात धजत नव्हता. समितीनं सह्या केल्या.

आठच दिवसांनी अक्षय तृतीया आली आणि करमाडहून बानाबाई आली. सकाळी नव्या मातीच्या घागरीत नवऱ्याच्या, आप्पाच्या, नावानं पाणी भरून ठेवायचं आणि मग इथं येऊन त्याचा आवाज ऐकायचा, हा तिचा दरसालचा नेम होता. बिभीषणनं तिला या वेळी पुढच्या दारानं आत आणलं आणि तिच्यासमोर रजिस्टर ठेवलं.

“मावशी, आज अंगठा द्या.”

“का रं बाबा? इतके साल नाय मागितला.”

“चुकलं माझं.”

“मंग आता दिऊन काय व्हईल?”

“आता काय बी व्हनार नाय,” तो म्हणाला. “पन तुमी यीत व्हता, हे कुठं तरी लिव्हलेलं असू द्या.”

तिनं पदरानं अंगठा पुसला, शाईत बुडवला आणि जपून टेकवला. मागणीच्या कारणाचा रकाना तेवढा राहिला.

“हितं काय लिहू, मावशी?”

“लिव की, मालकाला पानी द्याया आले म्हून.”

बिभीषणनं ते शब्दाला शब्द तसंच लिहिलं.

“पुढल्या साली लवकर यीन. दुपारचं ऊन सोसत नाय आता.”

“पुढल्या साली कॅसेटी नसत्याल, मावशी. सोमवारी भंगारात चालल्या.”

बानाबाई टेपरेकॉर्डरजवळ सरकून बसली. त्रागा नाही, की शिव्या नाहीत.

“मंग आज मोठ्यानं लाव,” ती म्हणाली.

त्यानं आवाज पुरता वाढवला. वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. थोडी खरखर झाली आणि आप्पा गायला लागला. बानाबाईनं लगबगीनं डोक्यावर पदर घेतला आणि ती मान खाली घालून बसली.