तेलेस्फोरचा चर

लोभातून घडलेल्या कर्माचा पश्चात्ताप करणे मनुष्याला जमते. परंतु जे कर्म निखळ प्रेमातून घडले आणि तरीही ज्याने हानीच केली, त्याचा शोक कोणत्या दारी जाऊन करावा, हे कुणाला उमगत नाही. तेलेस्फोर हा शोक उराशी धरूनच म्हातारा झाला होता.

तरुणपणी तो लुईझियानाच्या दलदलीत सापळे लावून कातड्यांसाठी केसाळ पाणउंदीर धरीत असे. सापळ्यांपासून घरापर्यंतची खाडी इतकी वळणावळणाची, की होडी वल्हवीत परतेपर्यंत दिवेलागण होऊन जाई. घरी बायको ओदालिया कॉफीचे भांडे चुलीवर पुन्हापुन्हा गरम करीत वाट पाहत बसे. नव्या संसारातले ते वाट पाहणे तेलेस्फोरला सोसेना. एका हिवाळ्यात त्याने फावडे घेतले आणि पाणगवतातून घराच्या दिशेने सरळ एक चर खणला, जेमतेम एक होडी सरकेल एवढाच. सापळेवाले सगळेच असे चर खणीत. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

पण पाण्याला वाट मिळाली, की ते ती आपल्या मापाने करून घेते. भरतीचे खारे पाणी त्या चरातून आत शिरू लागले. गोड्या पाण्यावर पोसलेले गवत पिवळे पडले, त्याची मुळे सुटली आणि मुळांनी धरून ठेवलेला चिखल ओहोटीबरोबर समुद्राकडे निघाला. ती सारी भूमीच मुळात तिथल्या मोठ्या नदीने आणलेल्या गाळाची. ती स्वतःच्या भाराने सदैव खचत असे आणि वसंतातल्या पुराचा नवा गाळ तिला सावरून धरीत असे. पुढे नदीला बांध घातले गेले आणि गाळ येणे थांबले. इतरांनी मोठमोठे कालवेही खणले. दोष एकट्या तेलेस्फोरचा नव्हताच. परंतु घरासमोरच्या त्या पाण्याला लोक तेलेस्फोरचा चर म्हणत. आता तो चर उरला नव्हता. पैलतीर दिसू नये एवढे विस्तीर्ण पाणी तिथे पसरले होते, तरी नाव तेच राहिले.

त्या पाण्याच्या काठी शिंपल्यांच्या उंचवट्यावर ओदालियाचे विटांचे थडगे होते. "तिथून तुमची होडी येताना दिसते," असे सांगून तिने मरणापूर्वी ती जागा मागून घेतली होती आणि तेलेस्फोरने तिला शब्द दिला होता. लेक एल्मीर दोन वर्षे विनवीत होती, की आईला उत्तरेकडच्या गावातल्या कोरड्या जमिनीत नेऊ. तो दर वेळी म्हणे, "पुढच्या वर्षी बघू."

सर्व संतांच्या सणाला थडगी चुन्याने रंगवून मेणबत्त्या लावायची तिथली रीत. चुन्याची बादली घेऊन बापलेक धक्क्यावर आले, तेव्हा शेजारचा अदोनी आपली कोळंबीची जाळी नीट करीत बसला होता.

"काय रे तेलेस्फोर, चुना घेऊन निघालास? थडगं जागेवर आहे का, ते तरी आधी बघ. तुझा चर फार खादाड आहे."

"तू तुझ्या आईबापांना गावात नेलंस ना? पडलेत बिचारे रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज ऐकत."

"कोरडे तरी पडलेत," अदोनी म्हणाला आणि मान खाली घालून पुन्हा जाळ्याला लागला.

उंचवट्यावरचा जुना ओक वठून गेला होता. पाणी थडग्याच्या पायथ्याशी येऊन लागत होते. तेलेस्फोरने चुन्याचा कुंचला फिरवला. चुना ओघळून खाली आला. त्याने सदऱ्याच्या बाहीने विटा कोरड्या केल्या आणि पुन्हा कुंचला फिरवला. चुना पुन्हा ओघळला. त्याने विटेवर बोट फिरवून जिभेला लावले. वीट आतपर्यंत खारावली होती.

तो तिथेच शिंपल्यांवर बसला. म्हणाला, "मी लवकर घरी यावं म्हणून चर खणला, आणि समुद्रालाही तीच वाट दाखवली."

"आई कधी बोलली तुम्हाला त्यावरून?"

"बोलली असती तर बरं झालं असतं गं. ती रोज एवढंच म्हणायची, आज लवकर आलात."

एल्मीरने त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला. पूर्वेकडची बाजू थोडी कोरडी होती, तेवढीच तिने रंगवली. दोघांनी मेणबत्त्या लावल्या. परतताना तेलेस्फोर म्हणाला, "अदोनीला सांग, त्याची मोठी बोट लागेल."

पाद्रीबाबांची अनुमती मिळाली आणि नाताळच्या आधी एका स्वच्छ सकाळी ओदालियाच्या अस्थींची पेटी अदोनीच्या बोटीत ठेवली गेली. अदोनीने नाव मोकळ्या पाण्यावर सरळ घातली. तेलेस्फोरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जुन्या खाडीने घे."

"खाडी राहिलीय कुठे आता? सगळं एकच पाणी आहे."

"मी सांगतो कुठे वळायचं ते. आज लवकर पोचायचं नाही मला."

अदोनीच्या जिभेवर एरवी टोमणा तयारच असे. त्या दिवशी त्याने बोटीचा वेग कमी केला. वठलेल्या झाडांच्या खुणा पाहत तेलेस्फोर हाताने दिशा दाखवीत राहिला, आणि बोट बुडालेल्या वाटेची एकेक वळणे घेत संथपणे उत्तरेकडे गेली.

त्या माउलीला कोरड्या मातीत स्वस्थ निद्रा लाभो. तिच्या शेजारची जागा तिच्या धन्याला मिळो. आणि जिथे कुठे थोडा गाळ विसावला असेल, तिथे पुन्हा गवत मूळ धरो.