कुंकू न लावलेली गिटार

माझ्या दुकानाचं कार्ड त्या फटीत सरळ आत गेलं. गिटारीचं अंग आणि तिची दांडी जिथे जोडलेली असते, तिथली ती फट. सहदेवदादाने कार्ड बाहेर काढलं, पुन्हा आत सरकवलं आणि लेक बोर्डात पहिली आल्यासारखा माझ्याकडे बघून हसला.

"बघितलंस सुन्या? एवढी महागाची वस्तू आनि ह्यो जोड. आपला सुतार खाटेचा पाय पन यापेक्षा घट्ट बसवतो."

मग त्याने बाकीचं दाखवलं. बोटांखालच्या धातूच्या पट्ट्या, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्यांची टोकं दांडीच्या बाहेर आलेली होती. माझं बोट तिथून फिरवलं तर चरचरलं. एक फ्रेट इतरांपेक्षा वर उठलेली. स्विच फिरवला की स्पीकरमधून भजी तळल्याचा आवाज. नवी कोरी गिटार, आणि दोष मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरेनात. एखाद्याने कपाळाला हात लावला असता. दादा मात्र खूश होता आणि तेच मला खटकत होतं.

सहदेव उतेकर महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. उमरठच्या रस्त्याला त्याची वाडी, पोलादपूरच्या स्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. शिफ्टला जाता-येता त्याची मोटारसायकल माझ्या दारात थांबायचीच. आमची एक पार्टी आहे. हळद, पूजा, गणपती, जिथे बोलावतील तिथे वाजवतो. मी ऑक्टोपॅड बडवतो. बडवतो हा दादाचाच शब्द. तो स्वतः मात्र वाजवायचा. पाठवणीच्या गाण्याला नवरीची आई डोळ्यांना पदर लावायची ती दादाच्या गिटारीमुळे, आमच्या गायिकेमुळे नव्हे. गायिका दादाच्या बायकोची, वैशालीवहिनीची, चुलतबहीण आहे, म्हणून हे उघड बोलायचं नसतं.

कंपनीत त्याला कोण ओळखत होतं? हेल्मेट घातलेल्या शंभरांतला एक. पण अख्ख्या खोऱ्यात लग्न ठरलं की लोक विचारायचे, गिटारवाला येणार ना? त्या एका प्रश्नावर माणूस जगत होता.

मग त्याच्या जुन्या गिटारीतून खर्र असा आवाज येऊ लागला. दादा म्हणाला, पावसाने दांडी वाकली. ती गिटार त्याने ओंकारला देऊन टाकली. ओंकार आमच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो आणि सगळ्यांत थोडं थोडं लुडबुडतो. दादाने स्वतःसाठी ही नवी मागवली. तीही पहिल्या दिवसापासून खर्र करत होती.

"कंपनीला लिही," दादा म्हणाला. "फोटो काढ सगळे. बदलून दिलीच पायजे."

फोटो काढताना मला पाठीमागचा डाग दिसला. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की वापरायच्या आधी तिला कुंकू लागतं. पाण्याची मोटर असो, मिक्सर असो, वहिनींनी लेकीच्या, सेजलच्या, लॅपटॉपलाही सोडलं नव्हतं. गिटारीच्या पाठीवर त्यांनी ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. तिथलं पॉलिश पातळ निघालं आणि कुंकू लाकडात उतरलं. खोबरेल तेलाने पुसून झालं, पण गुलाबी स्वस्तिक काही हटेना.

ओटीवर दादाची आई, ठकूबाई, वाल सोलत बसली होती. तिला अर्धंच ऐकू येतं आणि बोलायचं पूर्ण असतं.

"काय झाला रे?"

"गिटार खराब निघाली, आये," दादा ओरडून म्हणाला.

"मंजे? पयली पन खराब, ही पन खराब?" म्हातारी हसली. "नाचता येईना नि अंगण वाकडा."

ती गमतीने बोलली होती. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष वहिनींकडे गेलं. त्या चहा घेऊन दारात आल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या. दादाने मान खाली घालून गिटार पिशवीत भरली. तिची चेन त्याने उजव्या हाताने ओढली. डावा हात मांडीवर तसाच पडून होता. अंगण तर खरंच वाकडं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही मला चहा गोड लागला नाही.

गिटारीच्या कंपनीची बाई फोनवर हिंदीत बोलायची. फोटो बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "ये पीछे लाल क्या है?" मी म्हटलं, पूजा. ती म्हणाली की फटीचा आणि फ्रेटचा दोष आमचाच आहे, म्हणून या वेळी बदलून देतो. पण दुसऱ्या गिटारीवर असा कसलाही डाग पडला, तर ती परत घेणार नाही. मी हे दादाला आणि वहिनींना समोर बसवून सांगितलं. दादाने मान डोलावली. वहिनी रिकामे कप उचलून आत गेल्या.

सदोष गिटार कंपनीचा माणूस घेऊन गेला. त्याच आठवड्यात ओंकार माझ्या दुकानात आला. त्याच्या पाठीला दादाची जुनी गिटार होती. माघी गणपतीची तालीम करू म्हणाला. बाकावर बसून त्याने सहज सूर छेडले. आवाज लख्ख होता. कुठे खर्र नाही, कुठे अडखळ नाही.

"दांडी सरळ करून घेतलीस का रे?" मी विचारलं.

"नाय रे. दिली तशीच हाय. दादानं उगाच काढली घरातनं."

माझ्या हातातल्या मोबाईलचा स्क्रू खाली पडला तो सापडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी एकट्याच आल्या. बाजाराची पिशवी काउंटरवर ठेवून त्या बराच वेळ मोबाईलची कव्हरं बघत राहिल्या.

"भावजी, ती गिटार कंपनीनं बदलून नाय दिली तर चालेल का?"

मला वाटलं, चुकीचं ऐकलं.

"वहिनी, निघाली ती तिकडून. उद्या-परवा येईल. काय झालं?"

"ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं जातायत," त्या हळूच म्हणाल्या. "करंगळी आनि तिच्या बाजूचं. महाडला दाखवला, मुंबईला दाखवला. नस सुकतेय म्हनले. हाय ती ताकद पन जाणार, गेलेली परत नाय यायची. ह्यांना सगळा म्हाईत हाय. शर्टाची बटनं मी लावते सकाळची. पन गिटारीचं बोलले की म्हनतात, हात बरा हाय गो, वस्तू खराब हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "खराबच असूदे ना. ती खराब हाय तोवर हे जेवतात तरी."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि त्यांनी तो घेतला नाही.

गिटार माझ्या दुकानातच आली, कारण कुरिअरवाला वाडीपर्यंत चढत नाही. शटर अर्धं ओढून मी खोकं उघडलं. दुकानाचं कार्ड घेऊन त्या जोडाशी लावलं. जाईना. दुसऱ्या बाजूने लावलं, तिथेही जाईना. फ्रेटच्या टोकांवरून बोट फिरवलं, रेशमासारखं गुळगुळीत. स्विच फिरवला, मुका. आयुष्यात पहिल्यांदा मी एका नव्या वस्तूत खोट निघावी म्हणून देवाला हात जोडले. एक ओरखडासुद्धा नव्हता. इतकी चांगली वस्तू बघून मला भीती वाटली.

मी गिटार घेऊन वाडीवर गेलो तेव्हा दादा पहिल्या पाळीवरून येऊन अंघोळ करून बसला होता. शर्ट धुतलेला, बटनं नीट लावलेली. कोपऱ्यात पाटावर वहिनींनी हळद-कुंकवाचं ताट ठेवलं होतं.

"आधी वाजवून बघा," त्या म्हणाल्या. "कुंकू मागनं. परत पाठवायला लागली तर?"

दादाने माझ्याकडे हात पुढे केला. मी कार्ड दिलं. त्याने ते जोडाशी लावलं, दाबलं, कार्डाचा कोपरा मुडपला. मग फ्रेटवरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्याने तारा सुरात लावल्या आणि नुसत्या मोकळ्या छेडल्या. आतल्या खोलीतून ठकूबाईने विचारलं, कोण आलं रे, इतका सुरेख आवाज होता तो.

मग त्याने पाठवणीचं गाणं धरलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत जिथे सूर वर चढतो, तिथे करंगळीशेजारचं बोट तारेवर पडलं पण ती दाबू शकलं नाही. खर्र. दादा थांबला. पुन्हा तिथूनच धरलं. खर्र. तिसऱ्यांदा त्याने इतका जोर लावला की मानेच्या शिरा वर आल्या, आणि करंगळी तारेवरून घसरून खाली लोंबली.

"हिच्यात पन खोट दिसते," वहिनी घाईने म्हणाल्या. "होय ना भावजी?"

"आवाज येतोय खरा," मी म्हणालो. "उद्याच फोन लावतो त्या बाईला. तिसरी देतील, न देऊन जातात कुठे?"

दादाने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेली दोन माणसं त्याला दिसली असणार. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"कुंकू लाव गो," तो म्हणाला.

"अहो, लावला तर परत नाय घेणार ते."

"म्हाईत हाय. लाव." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माघी गणपतीला ही ओंकारला दे. जुनीवर त्याचा हात बसलाय, हिच्यावर पन बसेल. उंच सुराला घाई करतो तो, त्याला सांग."

वहिनींनी बोट कुंकवात बुडवलं. या वेळी स्वस्तिक नीट जमेना, दोनदा पुसून काढावं लागलं. दादाने गिटार हलू नये म्हणून उजव्या हाताने धरून ठेवली होती. काढून झाल्यावर त्याने त्याच हाताने डाव्या हाताची दोन बोटं तारांवरून उचलली आणि मांडीवर ठेवली.