ईरम्माच्या कानातले किडे

एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात एके दिवशी शाळेतून परतताना आमच्या गल्लीच्या पारापाशी इतकी गर्दी होती, की मला घराकडे जायला वाट मिळेना. करमाळ्याकडून आलेली बजाबाई नावाची बाई पोरांच्या कानांतून किडे काढत होती.

परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर तापलेली खापरी. खापरीवर ती पुडीतली 'मंतरलेली राळ' टाकी आणि वर भोकाचं मडकं पालथं घाली. भोकातून एक पोकळ नळी थेट पोराच्या कानाशी. धूर वर कानात जायचा आणि किडे म्हणे त्याच नळीतून खाली उतरायचे. थोड्या वेळानं मडकं उचललं, की परातीतल्या पाण्यावर पांढरे, वळलेले, बारीक किडे तरंगत असत.

"ह्ये तेरा नर, ह्या आठ माद्या," ती काडीनं वेगळे करून दाखवी. "आज काढलं म्हणून बरं. न्हायतर आमुशाला मेंदूत चढलं असतं की."

एवढ्याशा किड्यांत नर कोणता नि मादी कोणती, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ते किडे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि त्यांचा उलगडा मला होत नव्हता. घरी आल्यावर मी आरशात माझाच कान वाकडा करून पाहिला, हे कबूल केलेलं बरं.

आठवडाभरात सगळी गल्ली भेदरली. पोरानं कान खाजवला, की आई हातातलं काम टाकून धावे. बायका मुलांना मांडीवर आडवं पाडून उन्हात कान बघत बसत. रात्री किडे वळवळताना ऐकू येतात, असंही कुणीकुणी सांगू लागलं.

आमच्या शेजारी शिवशरण नावाच्या किराणा दुकानदाराचं घर होतं. त्याच्या चार वर्षांच्या ईरम्माचा कान बरेच दिवस वाहत होता. आजी गंगम्मानं नऊ दिवसांत तीनदा बजाबाईकडून तिच्या कानात धूर घालून घेतला. तिन्ही वेळा किडे निघाले. ताप मात्र चढतच गेला.

दहाव्या दिवशी सकाळी ईरम्माची आई महानंदा तिला कडेवर घेऊन माझ्या दारात आली. तिनं पोरीचे केस बाजूला केले. कानामागे लालबुंद सूज होती आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसत होता.

"बाई, हितं हात लावू देत न्हाय ती. मला लई भ्या वाटतंय."

मागे शिशुसप्ताहाच्या प्रदर्शनात मला एक छापील पत्रक मिळालं होतं. मूल दवाखान्यात केव्हा न्यावं, याची त्यात माहिती होती. मी ते शोधून काढलं. 'कान वाहून कानामागे सूज आल्यास त्याच दिवशी' अशी ओळ मी महानंदाला वाचून दाखवली. पत्रकावर बायकामुलांच्या दवाखान्याचा पत्ता होता. आम्ही तशाच निघालो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आरशानं उजेड पाडून कान तपासला. किडा एकही नाही, पू आहे आणि तो हाडात उतरलाय, असं त्यांनी सांगितलं. आजच्या आज मोठ्या इस्पितळात हाड खरवडून पू काढला नाही, तर तो मेंदूपर्यंत जाईल.

मेंदू हा शब्द ऐकून महानंदा माझ्याकडे बघू लागली. बजाबाईनंही तिला हेच भय घातलं होतं. आता खरं कोणाचं मानायचं?

घरी गंगम्मानं साफ नकार दिला. किडे तिनं डोळ्यांनी पाहिले होते, आणखी एकदा काढले की पोर बरी होईल, कापाकापी करू देणार नाही. शिवशरण आईच्या शब्दाबाहेर जायला तयार नव्हता. ईरम्मा आता रडतही नव्हती, त्याचंच मला जास्त भय वाटत होतं.

तिसऱ्या वेळी बजाबाईनं किडे घरीच येऊन काढले होते. तिनं वापरलेली खापरी अंगणात तशीच पडली होती. महानंदानं ती उचलली, जळकी टरफलं नखानं खरवडली आणि म्हणाली, "बाई, ही राळ न्हाय. रिंगणीचं बी हाय. माझ्या माहेरी, जेऊरला, बांधावर लई असायची."

शाळेमागच्या माळावर तीच काटेरी रिंगणी होती. आम्ही वाळलेली फळं आणून बिया काढल्या, गंगम्माच्या पुढ्यात परात मांडली, मडकं पालथं घातलं. नळी कुणाच्याच कानाला लावली नाही. पहिल्यांदा मडकं उचललं तर नुसता धूर. माझं चुकलं असेल तर? महानंदानं खापरी आणखी तापवली, बियांना तेल चोळलं आणि पुन्हा टाकल्या. आत तडतड झाली. मडकं उचललं. पाण्यावर पांढरे किडे होते.

"अत्ती," महानंदा सासूला म्हणाली, "आता हे कुणाच्या कानातनं पडलं?"

गंगम्मानं एक किडा चिमटीत धरून चिरडला आणि वास घेतला. मग लेकाकडे वळून म्हणाली, "टांगा आण."

त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. ईरम्मा वाचली, पण त्या कानानं तिला ऐकू येत नाही. आधी आणली असती तर बहुधा कानही वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या बाजारच्या दिवशी महानंदानं पारावर सगळ्यांसमोर तोच प्रयोग केला. तापलेलं बी फुटतं, त्यातला वळलेला कोंब उडून पाण्यात पडतो आणि तोच किड्यासारखा दिसतो. एवढीच ती विद्या. बजाबाईनं गाशा गुंडाळला.

आयांनो, मूल आजारी पडलं की भीती वाटणारच, आम्हालाही वाटली. पण कुणी चमत्कार दाखवला, तर तुमचं मूल तिथे नसतानाही तो होतो का, एवढं आधी बघा. आणि ते बघेपर्यंत मुलाला घरी ठेवू नका. दवाखाना गाठा. ईरम्माचे नऊ दिवस किडे बघण्यात गेले.