मुद्देमालातला झेंडा

शर्यत सुरू काय, कुणीही करतं. आमच्या शहरातली ती जगप्रसिद्ध मोटारशर्यत संपवली माझ्या थोरल्या बहिणीने, पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून. यावर ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी बोलू नये.

तेव्हा शहरात रोज मोर्चे निघायचे आणि पुढारी दिसला की लोक काळे झेंडे दाखवायचे. इथे सगळं आलबेल आहे असं जगाला वाटावं म्हणून सरकारने परदेशी मोटारवाले बोलावले आणि काळ्या कापडावर बंदी घातली. पोलिसांनी झेंडे तर उचललेच. छत्र्या उचलल्या, वकिलांचे कोट उचलले, नाटकवाल्यांच्या दाढ्यामिशासुद्धा सोडल्या नाहीत. काळी मांजरं आपणहून घरात बसली. झेंडा धरला म्हणून ताईचा मुलगा, आमचा बारक्या, मित्रांसकट कोठडीत गेला. नाव बारक्या, पण पोलिसांच्या गाडीत दुमडून बसवावा लागला.

शर्यतीच्या दिवशी गाड्या सुटल्या आणि मग घोळ लक्षात आला. शर्यत संपवायला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा दाखवावा लागतो, आणि परदेशी पाहुण्यांनी आणलेला झेंडा विमानतळावरच्या एका कर्तव्यदक्ष शिपायाने काळा दिसला म्हणून जाळून टाकला होता! झेंडा दिसेपर्यंत थांबायचं नाही, हा चालकांचा नियम. गाड्या आपल्या फिरतायत गरगर. शर्यतीवर नेमलेल्या मोठ्या सरकारी साहेबांनी बुद्धिबळाचा पट उंच धरून पाहिला. चालकांनी हात हलवला आणि पुढे गेले.

मोर्चेवाल्यांच्या बंदमध्ये बाकीच्या शिंप्यांची दुकानं बंद. साहेब धापा टाकत ताईच्या दारात आले.

"बाई, झेंडा शिवून द्या. आत्ताच्या आत्ता."

"काळं कापड?"

"तुमच्याकडे नाही?"

"होतं. तुम्हीच नेलंत. मुद्देमालातून आणा."

जप्त झेंड्यांचं गाठोडं आलं. ताईने कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आता माझा मुलगा आणा."

"अहो, कायदा म्हणून काही..."

तेवढ्यात गाड्यांचा घोंगाट खिडकीवरून गेला आणि साहेबांचा कायदा घशातच राहिला. पोलिसांची गाडी धावली. परत आली ती रिकामी.

"येत नाही म्हणतो," इन्स्पेक्टर मान खाजवत म्हणाले. "सगळ्यांना सोडा, मग येईन, म्हणतो. नाहीतर इथले डास आता ओळखीचे झालेत."

ताईचा चेहरा एवढासा झाला. मी तिच्या कानाशी लागलो, "ताई, आपल्यापुरतं बघ. त्याला ओढून आणायला सांग."

"तू गप रे!" तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. बघता बघता तिची मान अशी ताठ झाली की गळ्यातली टेप सरळ लोंबायला लागली. "ऐकलंत ना साहेब? सगळे. माझा मुलगा आहे तो, कुणाचा उसना आणलेला नाही."

"निम्मे सोडतो."

"मग मी झेंडा निम्मा शिवते. निम्म्या गाड्या थांबतील."

साहेब हुज्जत घालत बसले. तिकडे टायर झिजून बांगड्यांएवढे झाले, एका चालकाची दाढी हेल्मेटबाहेर आली, आणि पुढच्याने मागच्याला इतक्यांदा गाठलं की पुढचा कोण हे देवालाही सांगता येईना. शेवटी साहेबांनी हात जोडले.

कोठडी उघडली. सगळी पोरं गात गात आमच्या गल्लीत शिरली. शेवटचं पोर दिसेपर्यंत ताईने मशीनला पाय लावला नाही. मग मात्र मशीन असं धडधडलं की शेजारच्यांची भांडी फळीवरून उतरली. दोरा दाताने तोडून तिने झेंडा साहेबांच्या अंगावर टाकला. तो घेऊन ते जे पळाले, ते गाड्यांच्याही पुढे.

जगभरच्या टीव्हीवर तो झेंडा फडकला. पहिला कोण आला ते मला विचारू नका, मी टीव्हीकडे पाठ करून बसलो होतो. समोर माझा भाचा उभा होता, डोकं चौकटीला टेकलेलं.

"आई, रागावलीस?"

"रागावले तर!" ताई म्हणाली. "शर्ट काढ आधी. खांद्यावर उसवलाय. छाती केवढी झाली रे तुझी, माप बदलावं लागणार."