पाय धुण्याचं पाणी

पाथर्डीच्या पूर्वेला, जिथं विहिरी माघातच तळ दाखवतात, तिथल्या राहीबाईची माणसं पारखायची एक रीत होती. पाहुणा दारात आला की ती भरलेली बादली आणि तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवी, आणि चुलीशी बसून डोळा ठेवी.

लढाईच्या दिवसांत एक भरतीवाला आला होता. मोठा गोड बोलला, आणि अख्खी बादली त्यानं बुटांच्या धुळीवर ओतली. राहीबाई भावाला जाऊ नको म्हणत होती. तरी छगन त्याच्यामागून गेला तो गेलाच.

म्हणून अठ्ठेचाळीस सालच्या त्या दुपारी नारायण गुरुजी पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला घेऊन आले, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"राहीबाई, हे सुमंत साहेब. बोटीवर अधिकारी आहेत. आपल्या कानिफनाथाला मुंबईला बोटीवरच्या शिक्षणाला न्यायचं म्हणतात. तुमचा होकार हवा."

कानिफनाथ तिचा एकुलता एक, नुकताच मॅट्रिक झालेला. तो दाराला टेकून उभा होता, आणि त्याचा होकार त्याच्या डोळ्यांतच दिसत होता.

"मुंबईतली पोरं संपली काय?" राहीबाईनं विचारलं.

"संपली नाहीत, पुरत नाहीत," सुमंत म्हणाले. "देश आपला झाला, आता बोटींवर अधिकारीही आपलेच हवेत."

"त्यो भरतीवाला बी असंच ग्वाड बोलायचा," ती पुटपुटली, आणि बादली आणून ठेवली.

सुमंतांनी अर्धाच तांब्या घेतला. रुमालाचं टोक भिजवून तोंड पुसलं. मग दारच्या शेवग्याच्या आळ्यात उभं राहून उरलेलं पाणी पायांवर सोडलं. बादलीवर ताट झाकून ती सावलीत सरकवली.

राहीबाईनं गुरुजींना आडोशाला घेतलं.

"तुमी पढवून आनलं व्हय ह्यांला?"

"काय पढवून?"

"पान्याचं."

 गुरुजींना खरंच काही ठाऊक नव्हतं. तरी तिचं समाधान होईना.

"साहेब, मुंबईत नळ हायेत म्हनं. मग ही काटकसर कुठली?"

"बोटीवरची. बंदरात गोडं पाणी भरून घ्यायचं, पुढचं बंदर येईपर्यंत तेच पुरवायचं."

"आन भवतालचं?"

"खारट. प्यालं तर तहान वाढते."

"म्हंजी तितं बी दुस्काळच."

"मग मला शिकायचं काय राहिलं, आई?" कानिफनाथ हसला.

"तू गप. काल घागर उघडी कुनी टाकली?" ती सुमंतांकडे वळली. "मी संगं येनार. पानी चाखनार. खारट निघालं तर तुमचं खरं, पोरगं ठिवते. गोडं निघालं तर दोघं बी माघारी."

गुरुजींना हसू आलं. सुमंतांना आलं नाही. "जरूर चाखा," ते म्हणाले.

मुंबईला तिनं घरचं पाणी फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात भरून नेलं. नळाचा तिला भरवसा नव्हता. बंदराच्या पायरीवर ती वाकली, दोन बोटं बुडवून जिभेला लावली आणि थुंकली. थोडं पलीकडे सरकून तिथलंही चाखलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या बोटीकडे बघितलं.

शेवटी काखेतला तांब्या तिनं कानिफनाथाच्या हातात दिला.

"झाकन लावत जा," ती म्हणाली.